ऐरोलीची मंडळी ओळखायची कुठून? एका नव्या पाळकांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "नगर जिल्ह्यातल्या गावच्या ख्रिस्ती मंडळीतून माझी बदली ऐरोलीच्या मराठी मंडळीत झाली आहे. उपासनेला मराठी कुटुंबं येतात, पण आजूबाजूला मल्याळी, तमिळ, हिंदी बोलणारे, झारखंडच्या मुली, ईशान्येकडचे तरुण असे सगळेच ख्रिस्ती दिसतात. समितीने सांगितलं आहे की परिसराचं सर्वेक्षण करा आणि कोणकोणत्या समाजाचे लोक आहेत ते लिहून आणा. सुरुवात कुठून करू? आणि सगळ्यांची एकच उपासना असावी की भाषेप्रमाणे वेगळी?"

सलाम पाळकसाहेब,

सर्वेक्षणाचा फॉर्म छापायची घाई करू नका. समितीला यादी हवी आहे: मल्याळी किती, तमिळ किती, उत्तर भारतीय किती. तशी यादी पंधरा दिवसांत होईल आणि कपाटात जाईल, कारण तिच्यात पहिली ओळ 'मराठी, म्हणजे आपले' अशी असेल आणि खाली सगळे 'इतर'. आधी कळव्यात आणि नंतर तुर्भे-कोपरखैरणेत मंडळीचं काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ऐरोली-दिघ्यातल्या विविधतेचा मोठा भाग मराठीच बोलतो. तो न उलगडता तुम्ही मिझो आणि मल्याळी लोकांचा अभ्यास करायला निघालात, तर शेजारच्या चाळीतला माणूस अनोळखीच राहील.

इथे माणसाची भाषा विचारण्यापेक्षा तो कशासाठी आला आणि कोणाच्या ओळखीने आला हे विचारलं की जास्त कळतं. नवी मुंबई आपसूक वाढलेलं गाव नाही. ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली आणि मग एकेका कामामागे एकेक समाज येत गेला. घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलले तसे माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, आले. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहिले तसे कामगार आले आणि त्यांच्या वस्त्या डोंगराच्या पायथ्याला चढल्या. १९९२ ला लोकल वाशीपर्यंत पोचली, २००४ ला ठाण्याहून ऐरोलीमार्गे गाड्या सुरू झाल्या, तसे नोकरदार आले. माणूस ज्या वाटेने आला त्याच वाटेवर त्याची उधारी असते, लग्नं जमतात, आणि रात्री दोन वाजता आजारपण आलं की फोनही त्याच वाटेवरच्या माणसाला जातो. तो फोन कोणाला जातो हे कळलं की समाज कळला असं समजा.

सुरुवात गावठाणापासून करा. ऐरोली, दिवा, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली. सेक्टरच्या नकाशात ही गावं कोपऱ्यात दडलेली दिसतात, पण इथले मूळचे लोक तेच, आगरी आणि कोळी. त्यांची भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी या शहराखाली गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई आणि दास्तान फाट्याला आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव गावठाणात अजून कसं घेतलं जातं ते एकदा कान देऊन ऐका. नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून हजारो माणसं रस्त्यावर का उतरली ते तेव्हा समजेल.

आता याचा मंडळीशी संबंध काय? फार जवळचा. लहान फेलोशिप ज्या गाळ्यांत आणि चाळीच्या वरच्या मजल्यावर भरतात, त्यांचे मालक बहुतेक गावठाणातले असतात. रविवारी सकाळी स्पीकर लावून तीन तास गाणं चालतं, गल्लीत दुचाक्या लागतात, आणि मग तक्रार झाली की आपले लोक 'छळ' हा शब्द वापरतात. कधी तो खरोखरच छळ असतो. पण पुष्कळदा शेजाऱ्याला कोणी आधी जाऊन भेटलेलंच नसतं. घरमालकाच्या घरी हळद असेल तर जा, मयत असेल तर नक्की जा. गावच्या जत्रेची वर्गणी मागायला पोरं आली की दार लावून घेऊ नका. देवकार्यासाठी देता येत नसेल तर तसं समोर बसून सांगा आणि गावच्या शाळेला किंवा रक्तदान शिबिराला हात द्या. आगरी माणूस स्पष्ट बोलणारा आहे, त्याला स्पष्ट उत्तर चालतं; टाळाटाळ चालत नाही.

आणि गावठाणातला एखादा तरुण येशूबद्दल विचारायला लागला, तर त्याची अडचण त्रैक्याचा सिद्धांत ही नसते. भावकीत आपलं काय होणार, एकवीरेच्या पालखीला गेलो नाही तर आई काय म्हणेल, बहिणीच्या हळदीत मी कुठे उभा राहू, हे त्याचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरं तुमच्याकडे तयार नसतील. असल्याचं भासवू नका.

दुसरा मराठी गट माथाडींचा. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. सातारा जिल्ह्यातले पाटण-जावळी, सांगलीतला शिराळा या बाजूची माणसं मशीद बंदरला आणि भायखळ्याला ओझी वाहत होती. १९८० च्या दशकापासून ते बाजार तुर्भ्याला आले तशी ती कोपरखैरणे आणि घणसोलीत स्थिरावली. यांचं अर्धं मन गावात असतं. गावाचं मुंबईकर मंडळ, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, चैत्रातली यात्रा. यात्रेच्या आठवड्यात या वस्त्यांत तुम्ही काहीही कार्यक्रम ठेवलात तरी कुलुपंच भेटतील. पुष्कळांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. नारायण वामन टिळकांचा १८९५ ला बाप्तिस्मा झाला, तरी त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, आणि त्यांची भजनं तुम्ही नगरला लहानपणापासून गाता. त्यामुळे टाळ-पखवाज या माणसांना परका नाही आणि तुम्हालाही नाही. पण कीर्तनाचा गळ करू नका. वारकरी घरातल्या माणसाला भजन कळतं आणि भजनाच्या आड काही वेगळं चाललं असेल तर तेही कळतं. मोकळेपणाने सांगून कीर्तन ठेवा, ऐकायचं तो ऐकेल.

आता आपल्या घरात या. हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण नवे पाळक इथे सर्वात कमी विचारतात आणि सर्वात जास्त गृहीत धरतात.

तुमच्या बाकांवर बसलेली बहुतेक कुटुंबं नगर, जालना, संभाजीनगर, नाशिक, सोलापूर या बाजूची असतील. अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं काम १८३१ चं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत खेडीच्या खेडी मंडळीत आली. ती मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांतली माणसं. त्यांची मुलं-नातवंडं मुंबईत गिरणीत, रेल्वेत, महापालिकेत, इस्पितळात नर्स म्हणून लागली आणि घर परवडेना तशी कळवा, ऐरोली, कल्याणकडे सरकली. म्हणजे तुमची मंडळी ही स्थलांतर करून आलेल्यांचीच मंडळी आहे, फक्त दोन पिढ्या जुन्या. हे समितीतल्या वडिलांना एकदा आठवण करून दिलंत तर 'बाहेरचे' हा शब्द जरा जपून वापरला जाईल.

या घरांत जात आहे. उपासनेत कोणी नाव घेणार नाही, आणि लग्नाच्या वेळी 'आपल्यातलं स्थळ' म्हटलं की सगळ्यांना बरोबर कळेल. एखाद्या कुटुंबाने मंडळी का सोडली याचं वरवरचं कारण कॉयरमधलं भांडण असेल, आतलं कारण एक मोडलेली सोयरीक असेल. तुम्ही नगरचे असल्यामुळे आडनाव आणि गाव ऐकताच तुम्हालाही अंदाज येणार. तो अंदाज मनातच ठेवा, पण तो आहे हे स्वतःशी मान्य करा. तुम्ही कोणाच्या घरी जेवता आणि कोणाच्या घरी फक्त चहा घेता याकडे मंडळीचं बारीक लक्ष असतं.

दुसरी गोष्ट कागदाची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. या प्रश्नासाठी २०२२ ला न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. आदिवासींना धर्माची ही अट नाही. याचा परिणाम असा की एकाच आजोबांची एक शाखा बौद्ध, तिला सवलत आहे. दुसरी शाखा ख्रिस्ती, तिला नाही. काही कुटुंबं रविवारी चर्चमध्ये असतात आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळं काही असतं. हे खरं की कागद आणि कबुली यांत विसंगती आहे, आणि तिचा कायदेशीर धोकाही आहे. तरीही व्यासपीठावरून त्यावर टोमणा मारणाऱ्या पाळकांबद्दल मला आदर वाटत नाही. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा प्रश्न ज्याच्या घरात नाही त्याला ठणकावणं सोपं असतं. घरी जाऊन बोला, कायदा काय म्हणतो ते नीट सांगा, निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

याच कारणाने बौद्ध शेजारी हा तुमच्यासाठी परका समाज नाही, चुलतभाऊ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा ज्यांनी घेतली आणि ज्यांनी आधीच बाप्तिस्मा घेतला होता, त्या दोघांना एकाच गावकुसाबाहेरून उठायचं होतं. आपल्या कित्येक घरांत येशूच्या चित्राबरोबर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याला 'मूर्तिपूजा' म्हणण्याआधी त्या घरच्या आजीला विचारा की तो का आहे. ऐरोलीतच सेक्टर १५ मध्ये डॉ. आंबेडकरांचं स्मारक आहे. तिथे एक दुपार घालवा. १४ एप्रिलला पाण्याचं वाटप करायला मंडळीचे तरुण उभे राहिले तर चांगलंच, फक्त बाटलीला पत्रक चिकटवू नका.

ठाण्याकडे गेलात की चित्र पुन्हा बदलतं. तिथे ख्रिस्ती माणूस मिशनच्या काळात आलेला नाही. १३२१ ला ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, म्हणजे त्याही आधीपासून इथे सीरियन परंपरेच्या ख्रिस्ती लोकांचा वावर होता. मग पोर्तुगीज आले आणि १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत राहिले. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च त्या काळाच्या परंपरेतलं. चरईसारख्या जुन्या भागांतले ईस्ट इंडियन कॅथलिक हे इथलेच भूमिपुत्र. ते मराठीचीच एक बोली घरात बोलतात, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' म्हणून नव्या पिकाचा सण करतात, लग्नात उंबराचं पाणी आणतात. तुमच्या मंडळीतल्या किती जणांना हे माहीत आहे? मराठी प्रॉटेस्टंट आणि ईस्ट इंडियन कॅथलिक एकाच रिक्षातून स्टेशनला जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. एकाला वाटतं दुसरा गोवेकर आहे, दुसऱ्याला वाटतं पहिला नवख्रिस्ती आहे. जाता जाता, टेंभी नाक्याजवळचं बेने इस्रायली ज्यू लोकांचं सिनेगॉग १८७९ चं आहे, आणि तीही मंडळी मराठीच बोलत आली. ठाण्यात मराठी आणि धर्म यांची सांगड किती प्रकारांनी बसली आहे ते त्या दोन-तीन गल्ल्यांत फिरून दिसतं.

मल्याळी, तमिळ, कोंकणी मंडळींबद्दल थोडक्यात आटपते, कारण त्यांची घडी बसलेली आहे. मल्याळी म्हटलं की एक गट धरू नका. सिरो-मलबार कॅथलिक (यांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ चा), ऑर्थोडॉक्स, मार थोमा, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) आणि पेंटेकोस्टल ही वेगवेगळी घरं आहेत आणि त्यांच्यातली अंतरं केरळातून आलेली आहेत. त्यांना तुमच्या मंडळीची गरज नाही. त्यांच्या मुलांना मात्र असू शकते. ऐरोलीत वाढलेली, मराठी शाळासोबत्यांत रमणारी, मल्याळम वाचता न येणारी मुलं आईबापांच्या उपासनेत मान खाली घालून मोबाइल बघतात. भाषेची मंडळी पहिल्या पिढीला आधार देते आणि दुसऱ्या पिढीत गळायला लागते, हे मी तमिळांतही पाहिलं आणि तेलुगूंतही. तिथल्या पाळकांशी आधी मैत्री करा. त्यांना न कळवता त्यांच्या तरुणांना आपल्या युवक संघात ओढलंत तर सेवेच्या नावाखाली मेंढरं पळवण्याचा उद्योग होईल.

झारखंडच्या मुलींबद्दल तुम्ही लिहिलं आहे. उरांव, मुंडा, खडिया समाजाच्या या मुली उंच इमारतींत राहून घरकाम करतात. यांच्या घरी ख्रिस्ती धर्म आपल्याइतकाच जुना. गॉस्नर मिशनचे चार जण रांचीला पोचले १८४५ मध्ये. पुष्कळ जणी कॅथलिक आहेत, काही लुथरन. आपसात सादरी बोलतात. त्यांना सुट्टी मिळते ती रविवारी दुपारी, काहींना महिन्यातून एकदाच, आणि आपली उपासना सकाळी नऊला. म्हणजे वेळापत्रकानेच दार बंद केलेलं असतं. दुपारी तीनला हॉल उघडा ठेवा, एका ज्येष्ठ स्त्रीला तिथे बसवा, त्यांची गाणी त्यांना गाऊ द्या. उपदेश नको. त्यांना त्या वेळी बँकेचं खातं कसं उघडायचं, एजंटने पगार अडवला तर कुठे जायचं, हे सांगणारी बाई हवी असते. तुम्ही स्वतः, म्हणजे तरुण पुरुष पाळक, या कामात पुढे राहू नका; स्त्रियांच्या संगतीकडे सोपवा.

मिझो आणि नागा लोकांकडे 'सेवाक्षेत्र' म्हणून पाहणारे आपले लोक पाहिले की मला हसू येतं. २०११ च्या जनगणनेत मिझोराममध्ये ८७ टक्के लोक ख्रिस्ती होते, आणि तिथल्या मंडळ्या स्वतः मिशनरी पाठवतात, तेही स्वतःच्या पैशाने. चार आवाजांत ते जे गातात ते आपल्या कॉयरला वर्षभर शिकवून येणार नाही. त्यांच्याकडून शिकायचं आहे. त्यांना आपली गरज पडते ती दोन ठिकाणी. एक, घर भाड्याने मिळताना, कारण चेहरा बघून सोसायट्या नकार देतात. तिथे मंडळीतल्या घरमालकांनी पुढे यावं. दुसरं, खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात कॅन्सरच्या उपचारासाठी आलेली कुटुंबं. त्यांना हिंदीही धड येत नाही, मसाल्याचं जेवण जात नाही, वाशीत त्यांच्या राज्याच्या भवनात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर खोली शोधत फिरतात. प्रार्थनेला येतो म्हणून दारात उभं राहण्याआधी साधा भात आणि उकडलेली भाजी घेऊन जा, आणि रक्त द्यायला चार जण.

नाक्यावरच्या माणसांना विसरू नका. सकाळी सात ते नऊ, हातात थापी किंवा घमेलं घेऊन कामाची वाट बघत उभे असलेले. त्यांत कलबुर्गी-विजयपूरकडचे कन्नड, तेलंगणाचे तेलुगू, नांदेड-यवतमाळचे बंजारा असतात. बंजारा एकच समाज आहे आणि कागदावर तीन आहेत: तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात, महाराष्ट्रात विमुक्त जाती. म्हणून आपण ख्रिस्ती आहोत हे एका तांड्यातल्या बाईला मोकळेपणी सांगता येतं, दुसरीला येत नाही. त्या वस्त्यांत हिंदी फेलोशिप जोरात आहेत, आजारपणासाठी प्रार्थना हे तिथे येण्याचं मोठं कारण आहे. आपल्या मुख्य मंडळ्या त्यांना नाकं मुरडतात. माझं मत विचाराल तर औषध बंद करायला सांगणारा प्रचारक दिसला की त्याला स्पष्ट विरोध करा. पण रात्री अकरा वाजता इलठणपाड्याच्या चढावर आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसतो तो त्यांचाच पास्टर असतो, हेही मान्य करा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एक उपासना की वेगवेगळ्या.

याचं पुस्तकी उत्तर सेमिनरीत तुम्ही वाचलं असेल. अमेरिकन मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन, जन्म १८९७, गाव मध्य प्रदेशातलं दमोह. त्यांनी भारतात पाहिलं आणि नंतर जगाला सांगितलं की वंश, भाषा, वर्गाची भिंत न ओलांडता ख्रिस्ती होणं माणसाला सोपं जातं, म्हणून एकजिनसी मंडळ्या वाढतात. निरीक्षण म्हणून ते खरं आहे. योजना म्हणून आपल्याकडे घातक आहे, कारण आपल्याकडे एकजिनसी याचा शेवट जातीपाशी होतो. मी रेघ अशी ओढते: पहिल्या पिढीसाठी भाषेची वेगळी उपासना चालेल, कारण रडणं आणि प्रार्थना आईच्या भाषेतच होतात. जातीची वेगळी मंडळी चालणार नाही, मग ती कितीही वेगाने वाढो. आणि भाषा वेगळी असली तरी प्रभुभोजनाचं मेज, हिशेबाची वही आणि समिती एक असावी.

यातलं हिशेबाचं लोक हसण्यावारी नेतात. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा काढा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होत होती. प्रेषितांनी काय केलं? ऐक्यावर उपदेश दिला नाही. वाटपाचं काम सात जणांच्या हातात दिलं, आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कोठार दिलं. आपण काय करतो? वर्षातून एकदा 'बहुभाषिक रविवार' करतो, तमिळ बाईंना एक स्तोत्र वाचायला लावतो, झारखंडच्या मुलींना नाचायला लावतो, फोटो काढतो, आणि चाव्या त्याच तीन आडनावांकडे राहतात. तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीचे पुढारी आहेत: कुप्रचा बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन, तार्साचा शौल. ती निवडलेली समिती होती की आपोआप जमलेली, ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने सांगितलेलं नाही. पण ते सगळे पुढे बसलेले होते एवढं नक्की.

म्हणून लगेच एकत्र उपासना सुरू करू नका. कॉयरमध्ये दोन हिंदी गाणी घालून विविधता साधली असंही समजू नका. पुढच्या समितीच्या निवडणुकीत एक जागा हिंदी बोलणाऱ्या कुटुंबाला आणि एक भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला मिळते का बघा. वर्गणी थकली म्हणून मतदार यादीतून नाव कापायचा नियम तुमच्या मंडळीत असेल, तर तो आधी वाचा. हातावर पोट असलेली कुटुंबं त्या एका नियमाने गप्प बाहेर जातात.

मदतीबद्दल. येऊरच्या वारली पाड्यांत किंवा पनवेलकडच्या कातकरी वाड्यांत कपडे आणि वह्या वाटायला जाणाऱ्या मंडळ्या खूप आहेत. मदत आणि बाप्तिस्मा यांच्यात अंतर ठेवा, दिवसांचंही आणि माणसांचंही: धान्य देणाऱ्या माणसाने बाप्तिस्म्याचा विषय काढू नये. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराचा हक्क आणि दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क वेगळे केले. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी भुकेल्या माणसाची 'हो' ही 'हो' नसते. आणि पाड्यावरच्या मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, देणगीदारांनी मागितले तरी.

एक गोष्ट पहिल्या महिन्यातच करा: दफनभूमीची चौकशी. तुमच्या मंडळीतलं कोणी गेलं तर कुठे नेणार, कोणाचा शिक्का लागतो, बिगर-सभासदाला जागा मिळते का. या शहरात कबरीची जागा कमी आणि ती बहुधा कोणत्या ना कोणत्या चर्चच्या हक्काची. मोठ्या चर्चमधून बाहेर पडून फेलोशिपला जाणाऱ्यांना हे मयत झाल्यावरच कळतं. 'मयत गावाला नेता की इथेच?' या प्रश्नाच्या उत्तरात कुटुंबाचा सगळा इतिहास असतो. जो गावाला नेतो तो अजून इथे आलेला नाही. जो इथे पुरतो त्याची मुलं इथली झाली. फॉर्मवर हा प्रश्न घालता येत नाही, पण ओळख झाल्यावर लोक आपणहून बोलतात.

आता समितीला द्यायच्या फॉर्मचं. तो कराच, पण चार-सहा महिने घरोघरी फिरून झाल्यावर. त्यात एवढंच विचारा: मूळ गाव कोणतं, इथे कधी आणि कोणामुळे आलात, काम काय आणि सुट्टी केव्हा, घरात मोठे कोणत्या भाषेत बोलतात आणि मुलं कोणत्या, याआधी कोणत्या मंडळीत होता, अडचणीत पहिला फोन कोणाला. जातीचा रकाना ठेवू नका, समितीतल्या कोणी आग्रह धरला तरी. तुम्हाला जे कळायचं ते जेवणाच्या ताटावर कळेल, आणि भरलेले फॉर्म मंडळीच्या कार्यालयात न ठेवता तुमच्या घरी कुलपात ठेवा. फॉर्म भरायला मात्र एकट्याने जाऊ नका. दिघ्याला जाताना दिघ्यातलंच कोणी, गावठाणात जाताना गावठाणातलं कोणी, आणि जिथे मुली एकट्या राहतात तिथे स्त्रियांच्या संगतीतल्या दोघी.